दुपारी खाली पडणारं बटण

अहो, गाडीतलं ते बटण दुपारी आपोआप पडत नव्हतं. मी खाली करत होते. रोज साडेदहाच्या सुमारास, केर काढून झाल्यावर.

हे तुमच्यासमोर बसून सांगायला मला जवळजवळ अडीच महिने मिळाले होते. सांगितलं नाही. आज तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले आणि मी टेबलाशी बसून लिहितेय. परदेशातल्या आपल्या नातवंडांना, सई आणि निषादला, मी फोनवर थोडक्यात सांगितलं आहे, पण तोंडी सांगताना माणूस स्वतःला सांभाळून घेतो. म्हणून हा कागद त्यांनाही पाठवणार आहे. सई आता मराठी वाचते, जोडाक्षराला अडखळते एवढंच. तेव्हा तुम्हाला जे पाठ आहे तेही मी इथे नीट सांगेन. रागावू नका.

ती गाडी तुम्ही मारुंजीच्या एका माणसाकडून आणलीत. आठ वर्षं हिंजवडीच्या कंपन्यांतल्या मुलामुलींची ने-आण करून थकलेली, तेरा सीटची. मागच्या काचेवर 'स्टाफ' असा अर्धवट खरवडलेला स्टिकर, आत शिळ्या चिप्सचा वास. मी फाटकातून बघितलं आणि म्हटलं, "हे काय घेऊन आलात?" तुम्ही म्हणालात, "घर." मला वैताग आला होता. आत्ता लिहून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात त्या वैतागाचाही हात आहे की काय, हे मी स्वतःला बरेचदा विचारते.

चाकणच्या कारखान्यात एकतीस वर्षं तुम्ही इलेक्ट्रिकल मेंटेनन्स सांभाळलंत. निवृत्तीनंतर भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये दहा ते तीन सल्ला द्यायला जायचात, पण तिथे हात काळे होत नव्हते. गाडी आली आणि तुमची नखं पुन्हा काळी झाली. सकाळी सातला प्राधिकरणातल्या आपल्या फाटकासमोर तुमचं ड्रिल सुरू व्हायचं आणि समोरच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या.

निषाद, तुला आठवतंय का, आजोबांनी व्हिडिओ कॉलवर तुझी उंची मोजली होती? तुझी आई, केतकी, टेप धरून उभी होती.

"टाच भिंतीला टेकव. टाच!"

"टेकवलीय, आजोबा."

"मग डोकं का हलतंय?"

"कारण मी हसतोय."

एकशे एकतीस सेंटिमीटर. आजोबांनी गाडीतला तुझा झोपायचा बाक एकशे पन्नासचा केला. म्हणाले, गाडी तयार होईपर्यंत हा थांबणार आहे होय? मलाही त्यांनी भिंतीशी उभं केलं, कोपरापर्यंतचं माप घेतलं आणि गाडीतला ओटा त्या मापाने बसवला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घरातला ओटा मला चाळीस वर्षं दोन इंच उंच होतो आहे. "अगं, बोलली का नाहीस?" असं विचारून किती ओशाळला होतात तुम्ही. त्या दिवशी मला वाटलं होतं, न बोलण्याने आपल्या घरात फार काही बिघडत नाही.

आता त्या बटणाचं. छतावर दोन सोलर पॅनेल. तिथून वायर खाली येते, दाराजवळच्या एका काळ्या बटणातून जाते, मग कंट्रोलर नावाच्या डब्यातून बाकाखालच्या दुसऱ्या बॅटरीत. पहिली बॅटरी गाडी सुरू करायला. ही दुसरी दिवे, पंखा आणि छोट्या फ्रीजसाठी. ते काळं बटण म्हणजे एमसीबी. वायर कुठे वायरीला टेकली, शॉर्ट झालं, की ते स्वतःहून खाली पडतं आणि वीज तोडतं. आपल्या घरच्या मीटरजवळ असतात तसंच. सई, हे नीट समजून घे. असं बटण खाली दिसलं की आजोबांसारखा माणूस म्हणतो, 'पडलं'. 'कुणी पाडलं' असं त्याच्या मनात येत नाही.

आणि माझी सवय तर तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मी खोलीतून बाहेर पडताना बटणं बंद करते. शाळेत मुख्याध्यापिका होते तेव्हा शेवटच्या तासानंतर वर्ग फिरून पंखे बंद करायचे, शिपाई असूनसुद्धा. घरी गीझर, मिक्सर, चार्जर, सगळं. लग्न झाल्यापासून तुमचं-माझं एकच भांडण चालू होतं. तुम्ही म्हणायचात, "बंद-चालू करूनच वस्तू बिघडतात," आणि मी म्हणायचे, "वापरत नसाल तर बंद." त्याचा निकाल काही लागला नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. झेंडूची माळ तुम्ही पुढच्या काचेला न घालता बाकाखालच्या बॅटरीला घातलीत. त्या दिवसापासून गाडी आपल्या घराचा भाग झाली, निदान माझ्या डोक्यात. म्हणजे रोज केर आला. आपल्याकडे कारखान्यांची बारीक काळी धूळ किती बसते ते मुलांना माहीत नाही. तुम्ही भोसरीला गेलात की मी केरसुणी आणि ओलं फडकं घेऊन गाडीत जायचे. केर, ओटा, काचा. बाहेर पडताना दाराजवळ दिव्याचं बटण, पंख्याचं बटण आणि त्याखाली ते काळं. तळहात वरून खाली. झालं. ते जरा कडक लागायचं, एवढंच मला आठवतं. मी ते बंद करतेय असा विचारसुद्धा कधी केला नाही.

चार-पाच दिवसांत तुम्ही म्हणालात, "बॅटरी चढत नाहीये."

आधी तुम्ही समोरच्या कडुनिंबावर संशय घेतलात. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी सगळं पॅनेल मंद होतं, असं मला समजावलंत. गाडी सात फूट पुढे घेतलीत. मग एके दिवशी चारला घरी आल्या आल्या ते बटण खाली दिसलं, आणि तुमचा चेहरा बदलला. शॉर्ट.

किती शोधलंत तुम्ही! आधी बटणच नवं बसवलंत. मग छतावरचे जोड उघडून पुन्हा बांधलेत. मग कंट्रोलर बदललात. इंजिनावरून दुसऱ्या बॅटरीला येणारी लाइन सोडवून ठेवलीत, दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. सकाळी बटण वर, मीटर लावून बघितलं तर पॅनेलचा करंट येतोय. चारला बटण खाली. दुपारच्या उन्हात वायर तापते, कुठेतरी आवरण सैल पडतं आणि टेकतं, असा तुमचा कयास झाला. कयास अगदी तर्काला धरून होता. मी रोज साडेदहाला जात होते, आणि ऊनही साडेदहालाच चढत होतं.

एकदा तुम्ही मला सरळ विचारलंत, "तू आत कशाला हात लावतेस का?"

मी म्हटलं, "मी फक्त केर काढते."

ते मी खोटं बोलले नव्हते. एवढ्या एका वाक्यापुरती तरी मला माफी असावी.

मग तुम्ही भोसरीला दांडी मारून अख्खा दिवस गाडीत बसलात, बटणावर नजर ठेवून. घामाने बनियन चिकटलेलं. तुम्ही आत होतात म्हणून मी केर काढायला आले नाही. चारला बाहेर आलात.

"आज पडलं नाही. मी बसलो की पडत नाही."

"तुमच्या दराऱ्याला घाबरत असेल," मी म्हटलं.

तुम्ही हसलात. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खाली होतं, आणि त्यानंतर तुम्ही त्या विषयावर हसला नाहीत.

दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी दशरथ आला. दशरथ म्हणजे आजोबांच्या हाताखाली पंचवीस वर्षं काम केलेला फिटर, चाकणजवळच्या गावचा. घरची शेती बघून शिफ्ट करायचा. तुम्हा दोघांचं बोलणं चालू होतं आणि मी उपम्याच्या बशा घेऊन आले. तेव्हा मी जे म्हटलं ते शब्द न शब्द आठवतंय.

"दशरथ, तुमच्या साहेबांनी आख्ख्या कारखान्याच्या लाइनी चालवल्या म्हणे. आणि एका डब्यातला शॉर्ट दीड महिना सापडेना. खरंच चालवल्या का हो?"

दशरथ म्हणाला, "वहिनी, असं न्हाई. लपलेला फॉल्ट लई वाईट. साहेबांनी शोधला न्हाई तर कोनालाच गावायचा न्हाई." आणि त्याने खाली मान घालून उपमा खायला घेतला.

तुम्ही लग्नपत्रिकेचं एक जुनं पाकीट घेतलंत आणि त्यावर दशरथसाठी आकृती काढू लागलात. पॅनेल, वायर, दार. दाराच्या बाजूला तीन चौकोन. "हा दिवा, हा पंखा, आणि त्याखाली हे काळं. हे सकाळी मी वर करून जातो. दुपारी पडलेलं असतं."

मी तुमच्या खांद्यामागे उभी होते. माझ्या उजव्या तळहाताला ते कडक बटण लागलं. अक्षरशः लागलं.

मी काय केलं? "उपमा गार होतोय," म्हटलं आणि आत गेले.

शाळेत मी मुलांना सगळ्या वर्गासमोर उभं करून चूक कबूल करायला लावायचे. काच कुणी फोडली, पुढे या. एखादं मूल थरथरत पुढे यायचं, आणि मला वाटायचं मी काहीतरी मोठं शिकवते आहे. त्या दिवशी स्वयंपाकघरातून बैठकीपर्यंतची दहा पावलं मला चालता आली नाहीत. नुकतंच मी तुम्हाला दशरथसमोर टोचलं होतं. त्यावर लगेच 'ते मीच करत होते' असं कसं म्हणायचं? म्हटलं, उद्यापासून हात लावायचा नाही. बटण पडणार नाही, बॅटरी चढेल, तुम्ही खूश व्हाल, विषय संपेल. मला तो फार व्यवस्थित मार्ग वाटला.

दुसऱ्या दिवसापासून बटण पडलं नाही. बॅटरी पुरी चढली. आणि तुम्ही खूश झाला नाहीत.

हे मला कळायला हवं होतं. कारण न सापडता गेलेला बिघाड तुम्ही कधी मानलाच नाही. "गेलाय कुठे? आतच आहे," म्हणायचात. आता तो दिसत नव्हता म्हणून तुमची भीती वाढली. बॅटरी ज्या बाकाखाली होती त्याच बाकावर निषाद झोपणार होता. नाताळच्या सुट्टीत मुलं येणार होती आणि आपण सगळे भिगवणला जाणार होतो, गाडीतच राहून सकाळी रोहित पक्षी बघायला. त्याच्यासाठीच तर गाडी होती. तुम्ही सगळ्या वायरी पुन्हा बाहेर काढल्यात, वीतभर वीतभर बोटांनी चाचपून पाहिल्यात. काही सापडलं नाही. सापडणार कुठून?

त्या दिवसांत मी दोनदा सांगायला आले. एकदा तुम्ही वायरीला टेप लावत होतात. मी म्हटलं, "अहो, ऐका ना." तुम्ही वर न बघता म्हणालात, "माझा हात गेला गं. डोळ्यासमोर असेल आणि मला दिसत नसेल." मी म्हटलं, "चहा ठेवलाय." दुसऱ्यांदा मी नुसतीच दारात उभी राहून परत गेले. तोवर बटणाची गोष्ट लहान झाली होती. इतके दिवस गप्प राहिले, हे सांगायचं मोठं झालं होतं.

मुलं आली. पहिल्याच सकाळी निषाद गाडीत शिरला, बाकावर आडवा झाला आणि ओरडला, "आजोबा, मी पूर्ण मावतो!" तुम्ही त्याला हाताला धरून बाहेर काढलंत आणि म्हणालात, "गाडी अजून तयार नाही, राजा. आजोबांना जमलं नाही."

सई, निषाद, तुमच्या आजोबांनी उभ्या आयुष्यात असं वाक्य उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. तेव्हा मी तिथेच होते, दोरीवर कपडे वाळत घालत होते. मी चिमटे लावत राहिले.

भिगवणला आपण भाड्याची गाडी करून एका दिवसात जाऊन आलो. पोचेपर्यंत साडेअकरा वाजले, पक्षी दूर पाण्यात गुलाबी रेघेसारखे. निषाद म्हणाला, "इट्स ओके, आजोबा." तो खूप वेळा म्हणाला. परतताना शहरातली गर्दी टाळायला ड्रायव्हरने वळसा घेतला आणि चाकणच्या चौकात तासभर अडकलो, दोन्हीकडून कंटेनर. तुम्ही पुढच्या सीटवर होतात आणि आपल्या जुन्या कारखान्याच्या गेटकडे बघितलंसुद्धा नाहीत. एरवी तिथून जाताना तुम्ही प्रत्येकाला कुठल्या शेडमध्ये काय होतं ते सांगायचात.

मुलं परत गेली त्या आठवड्यात तुम्ही मल्टिमीटर, क्रिम्पिंगची पक्कड, टेस्टर, सगळी पिशवी दशरथला देऊन टाकलीत. केतकीचा फोन आला, "आई, बाबांकडे लक्ष दे, ते मनाने खचलेत गं." मी म्हटलं, "वय झालं." माझ्या सगळ्या बोलण्यात त्या दोन शब्दांची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. बटणाचा आणि त्याचा काही संबंध नाही, हे मला कळतं. मी शिकलेली बाई आहे. पण ते शेवटचे महिने तुम्ही स्वतःला निकामी समजून काढलेत, आणि त्याचा माझ्याशी पुरा संबंध आहे.

तेराव्यानंतर दशरथ आला, तुमची पिशवी घेऊन. म्हणाला, साहेबांची गाडी एकदा बघतो. सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत तो आत होता. बाहेर येऊन पायरीवर बसला.

"वहिनी, ह्यात काय बी न्हाई. असलं चोख काम आमी कंपनीत बी बघितलं न्हाई. मंग ते पडत का व्हतं?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच मोठ्याने. केरसुणी, तळहात, उपमा, सगळं.

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ द्या वहिनी. तसं तो म्हणाला नाही.

"ठाऊक हाय का, पिशवी देताना साहेब काय म्हनले? म्हनले, दशरथ, माज्या हातावर कुनाचा जीव सोपवू नको आता. मी म्हनलं, साहेब, काय बी बोलता." त्याने टोपी झटकली. "तुमी बोलाया पायजे व्हतं, वहिनी."

"व्हय," मी म्हटलं. माझ्या तोंडून त्याचाच शब्द निघाला. तो चहा न घेता गेला. मला त्याचा राग आला नाही, बरं वाटलं. इतके दिवस जो तो माझं सांत्वन करत होता.

परवा रविवारी मुलांचा फोन आला. केतकीला आधी सांगितलं, ती रडली, आणि मग म्हणाली, "मुलांना तूच सांग." मी सांगितलं. निषादला एमसीबी म्हणजे काय ते समजेना, तर सईने त्याला त्यांच्या घरातला दाखवला. कॅमेरा हलत हलत तळघरात गेला, एक झाकण उघडलं आणि त्याचं छोटं बोट एका काळ्या बटणावर आलं. "हे?" "हो, तसंच."

"म्हणजे आजोबांचं काहीच चुकलं नव्हतं?" तो म्हणाला.

"काहीच नाही. तू त्या बाकावर खुशाल झोपू शकला असतास."

"मग त्यांना कळलं का ते?"

"नाही."

त्याने ते झाकण लावून टाकलं. मग सई बोलली. ती आता चौदाची आहे आणि तिच्यात तुमची ती वाईट सवय आली आहे, कारण सापडेपर्यंत सोडायचं नाही.

"आजी, तू सांगितलं असतंस तर आजोबा चिडले असते?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच नीट विचार केला. अडीच महिने मी तुमच्या रागाला भीत होते. चाळीस वर्षांत मी काय-काय बिघडवलं, आणि तुम्ही कधी रागावला होतात? सवयीने तुमचं रात्रभराचं चार्जिंग काढून ठेवलं, रेकॉर्डिंगला लावलेला टीव्ही बंद केला, एकदा तर भरलेला फ्रीज बंद करून आपण चार दिवस गावी गेलो. दर वेळी तुम्ही कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघायचात आणि तुमचं पोट हलायला लागायचं.

"नाही," मी सईला म्हटलं. "हसले असते."

"खूप?"

"खूप."

गाडीच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला असतात. मग लगेच दशरथला फोन. मग समोरच्या काकूंना खिडकी उघडायला लावून. मग भोसरीला, मग इस्त्रीवाल्याला, मग भिगवणच्या वाटेवर प्रत्येक चहाच्या टपरीवर, मुलांना जवळ घेऊन: "हेडबाईंनी दीड महिना आमचा सूर्य बंद ठेवला होता!" मी दर वेळी म्हटलं असतं, पुरे आता. आणि तुम्ही ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली असतीत.